आधी वाजवणारा गाठा, कॅमेऱ्याचं नंतर बघू

जिंतूरच्या एका केबलवाल्या दादांनी विचारलंय: "आमच्या लोकल चॅनेलवर तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींचा डान्स शो सुरू करायचाय. हॉल आहे, दोन कॅमेरे आहेत. पोरं हिंदी गाण्यांच्या मिक्सवरच नाचतात आणि ते यूट्यूबवर टाकलं की आवाज बंद होतो. आपल्याकडचं संगीत घेतलं तर लोक बघतील का? आणि कार्यक्रम मोठ्या चॅनेलसारखा दिसावा यासाठी काय करू?"

दादा, मी परभणीत एकवीस वर्षं नाच शिकवते आणि त्यातली नऊ वर्षं केबलवरच्या अशाच एका कार्यक्रमाचं दिग्दर्शन केलं आहे. तुमचा शेवटचा प्रश्न आधी बाजूला काढते. मोठ्या चॅनेलसारखा तो दिसणार नाही, आणि तसा दिसावा म्हणून खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जाईल. जिंतूरच्या माणसाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये मुंबईचा सगळा नाच आधीच आहे. तो रिमोट हातात घेऊन तुमच्या चॅनेलवर का थांबेल, हा खरा प्रश्न आहे. माझ्या अनुभवात तो दोन कारणांनी थांबतो. ओळखीचं लेकरू दिसतं म्हणून, आणि ओळखीचा ताल कानावर पडतो म्हणून. पहिल्या कारणावर तीन-चार भाग निघतात, नंतर नातेवाईक संपतात. त्यापुढे कार्यक्रम चालतो तो दुसऱ्यावर.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मी इथून सांगू शकत नाही. तुमच्या भागात वाजवणारे कोण आहेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुळजापूर-येरमाळ्याकडे असता तर देवीची पदं म्हणणारे आराधी मेळे सहज मिळाले असते. किनवट-माहूरकडच्या वाड्यांवर आदिवासींचा ढेमसा नाच आहे. पैठणकडे भारुडाची मंडळी, खुलताबादकडे कव्वालीवाले. जिंतूरच्या आसपास बंजारा तांडे आहेत, होळीच्या लेंगीची गाणी तिथल्या पोरांना पाठ असतात. आणि आपल्या परभणीला तर गोंधळाचं मोठं घराणं लाभलं, राजारामबापू कदमांचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते इथूनच. तुमच्या सोळा-सतरा किलोमीटरच्या टापूत काय वाजतं याची नीट चौकशी करा. माझ्या कार्यक्रमाची नक्कल तिथे चालेलच असं नाही.

पहिल्या वर्षी मी तेच केलं जे तुम्ही करायला निघालात. क्लासचे ग्रुप बोलावले. प्रत्येक ग्रुप पेनड्राइव्हवर तीन मिनिटांचा मिक्स घेऊन आला. चार गाण्यांचे तुकडे, मध्ये काच फुटल्याचा आवाज, शेवटी सगळे एका गुडघ्यावर. एका भागात आठ ग्रुप असायचे आणि आठांपैकी पाच मिक्समध्ये तेच एक गाणं. पोरं मेहनती होती, पण चेहऱ्यावर आकडे दिसायचे, पाच-सहा-सात-आठ. सहाव्या भागानंतर चॅनेलच्या ऑफिसात फोन येणं बंद झालं.

त्याच वर्षी एका रविवारी शूटिंग चालू असताना हॉलसमोरून वरात निघाली. पुढे हलगीवाले, मागे बँजो. आपला नंबर यायची वाट पाहत बसलेली पोरं फाटकाबाहेर पळाली आणि रस्त्यावर अशी नाचली की आत तासाभरात एकदाही तसं कुणी नाचलं नव्हतं. पोरी फाटकाच्या आतच उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोघी गज धरून फक्त खांदे हलवत होत्या, आणि ते खांदे नेमके ठेक्यावर होते. त्या दोघी माझ्याच क्लासच्या. चार वर्षं मी त्यांना शिकवत होते, पण हे त्यांच्या अंगात आहे हे मला माहीत नव्हतं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळं उत्तर यावर उभं आहे. आपल्याकडे हलगीवर, बँजोवर रस्त्यात नाचायची मुभा पोरांना आहे. वरात असो, गणपती असो, जयंतीची मिरवणूक असो, पुढे नाचणारा घोळका पोरांचा. पोरींच्या वाट्याला शाळेचं गॅदरिंग आणि नवरात्रातला दांडिया. म्हणजे जो ताल तिने जन्मापासून ऐकला, त्यावर मनासारखं नाचायला तिला गावात जागाच नाही. तुमचा हॉल ती जागा होऊ शकतो. आई-वडील समोर खुर्चीवर बसलेत, उजेड आहे, ओळखीच्या मॅडम आहेत, आणि हलगी वाजतेय. दुसऱ्या वर्षी मी मिक्स बंद केले आणि हलगी-संबळवाल्यांना हॉलमध्ये बसवलं, तेव्हा पोरींचे अर्ज पोरांपेक्षा जास्त आले.

म्हणून माझा सल्ला हा की आधी वाजवणारे गाठा. एक हलगीची जोडी, एक संबळ, एक ढोलकी आणि एक गळा एवढ्यावर तासाभराचा कार्यक्रम निघतो. त्यांना लग्नाच्या सुपारीइतकेच पैसे द्या, इसार आधी द्या, आणि लग्नाच्या दाट तिथी पंचांगात बघूनच शूटिंगच्या तारखा धरा. टीव्हीवर दिसाल म्हणून कमी पैशात या, असं त्यांना कधीही म्हणू नका. ज्याचं घर त्या वाद्यावर चालतं त्याला तुमच्या पडद्याने पोट भरत नाही.

गोंधळी किंवा आराधी मंडळींशी बोलताना अजून एक सांभाळा. त्यांच्याकडचं सगळंच रंगमंचावर आणायचं नसतं. काही भाग पूजेचा, चौकाचा असतो. कोणतं पद बाहेर म्हणता येईल ते त्यांनाच विचारा आणि ते नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. मला एका म्हाताऱ्या गोंधळ्यांनी एका पदाला नकार दिला होता आणि त्याऐवजी दुसरी तीन सुचवली. त्यातलं एक आमच्या कार्यक्रमात पुढे सगळ्यात जास्त नाचलं गेलं.

आता शिकवण्याबद्दल. क्लासमध्ये तयार झालेली पोरं आठच्या काउंटवर वाढलेली असतात. केरव्याच्या अंगाचा, आठ मात्रांचा ठेका असेल तर त्यांचं जमून जातं. सहा मात्रांचा, दादऱ्याच्या वजनाचा ठेका आला की त्यांची बसवलेली स्टेप दुसऱ्याच आवर्तनात ठेक्यावरून सरकते आणि पोरं घाबरून एकमेकांकडे बघायला लागतात. त्यांना चोवीस मोजायला शिकवा. आठाचे तीन फेरे आणि सहाचे चार फेरे चोविसाव्या मात्रेला एकत्र संपतात. म्हणजे आठची स्टेप मोडायची गरज नाही, ती तीनदा करायची आणि पंचविसाव्याला हलगीच्या समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पाय टाकायचा. हे एकदा कळलं की मधल्या मात्रांत स्टेप ठेक्याला तिरकी जाते त्याचीसुद्धा गंमत वाटायला लागते. माझ्याकडची एक पंधरा वर्षांची मुलगी मुद्दाम तिरकी जायची आणि समेवर येऊन हलगीवाल्याकडे बघायची. तो हसला की पुढचा फेरा.

दुसरी अडचण लय चढण्याची. ट्रॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत एका वेगात असतो, माणूस नसतो. नाचणारा रंगात आला की वाजवणारा चढवतो, तो चढला की नाचणारा अजून खुलतो. ट्रॅकवर सराव केलेली पोरं इथे मागे पडतात. म्हणून पहिल्या दिवशी कोणतीही स्टेप देऊ नका. सगळ्यांना गोल बसवा, वाजवणाऱ्यांना मध्ये, आणि दोन तास फक्त टाळी. टाळी पक्की झाली की उभं राहून फक्त पाय. हात शेवटी. क्लासवाले सर-मॅडम याला वेळेचा अपव्यय म्हणतील. त्यांना एकदा स्वतः टाळी धरायला बसवा.

आवाज चित्रापेक्षा जास्त त्रास देतो, हे लिहून ठेवा. हलगीचा आवाज टोकदार असतो. एका हातात आखूड जाड टिपरू, दुसऱ्यात लांब बारीक काडी, आणि दोन्हींचे आघात वेगळे ऐकू आले पाहिजेत. माइक तीन-चार फुटांवर आणि थोडा तिरका ठेवा, कातड्याच्या तोंडावर नको. सगळ्यात जोराचा आघात वाजवायला सांगून त्यावर लेव्हल लावा, कारण रंगात आल्यावर ते त्याच्याहीपेक्षा जोरात वाजवतात. संबळाला वेगळा माइक, जवळ. हॉल पत्र्याचा असेल तर घुमेल. आम्ही तीन भिंतींना गोधड्या आणि सतरंज्या टांगल्या होत्या, त्याने जेवढा फरक पडला तेवढा महागड्या माइकने पडला नाही. आवाज कॅमेऱ्यात न घेता वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या आणि प्रत्येक गाण्याआधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून घ्या, एडिटिंगला जुळवणी सोपी जाते. कातडं पावसाळी हवेत उतरतं. हलगी शेकायला हॉलबाहेर शेकोटीची सोय करा आणि त्यासाठी गाण्यांमध्ये वेळ सोडा. फायबरच्या पानाची हलगी शेकावी लागत नाही, पण तिचा आवाज वेगळा. वाजवणाऱ्याला जी हवी ती त्याला वाजवू द्या.

चित्राचं थोडक्यात. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचं शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवा, नाहीतर स्वस्त एलईडी दिवे लुकलुकताना दिसतात. सिमेंटवर अनवाणी नाचवू नका, गुडघे जातात. खाली चटया आणि वर प्लाय टाका. दोन कॅमेऱ्यांपैकी एक पूर्ण वेळ पायांवर राहू द्या. आणि वाजवणारे फ्रेममध्ये हवेत, मागे अंधारात नकोत.

इथे एक जुनी, लांबची गोष्ट सांगते, कारण आपण पहिले नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या एका स्थानिक वाहिनीवर १९५२ साली 'बँडस्टँड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्या शहरातली शाळकरी पोरं दुपारी स्टुडिओत यायची आणि नव्या तबकड्यांवर नाचायची. बक्षिसाची स्पर्धा हा त्याचा गाभा नव्हता. पोरं रोज यायची, आणि कोणत्या तबकडीवर नाचावंसं वाटतं ते सांगायची. १९५७ मध्ये तो देशभर दिसायला लागला. शिकागोत डॉन कॉर्नेलियस यांनी १९७० साली तिथल्याच एका स्थानिक वाहिनीवर 'सोल ट्रेन' सुरू केला. त्यात काळी पोरं आपल्या संगीतावर नाचायची, दोन रांगा करून मधून एकेक जण नाचत पुढे यायचा. वर्षभरात तो शिकागोबाहेरही पोचला. दोन्ही कार्यक्रम एका शहराचे होते. ते बाहेर गेले तेव्हा त्या पोरांची ढब सोबत घेऊन गेले.

तिसरा कार्यक्रम बाल्टिमोरचा, 'बडी डीन शो'. १९५७ पासून चाललेला आणि तिथे अतिशय लाडका. पण काळ्या मुलांसाठी त्यात वेगळा दिवस ठेवलेला होता. गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र नाचावं अशी मागणी जोर धरू लागली, वाहिनी ते करायला तयार झाली नाही, आणि १९६४ च्या जानेवारीत कार्यक्रमच बंद करण्यात आला. संगीत काळ्या माणसांचं चालत होतं, त्यांची पोरं शेजारी चालत नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला आमचं दुसरं वर्ष आठवलं. हलगी पिढ्यानपिढ्या कोणत्या वस्त्यांनी वाजवली हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. गावाच्या प्रत्येक मंगल कार्यात ती पुढे लागते. पण त्या वस्तीतली पोरगी आपल्या मुलीच्या शेजारी, त्याच रांगेत, हात धरून नाचणार म्हटल्यावर दोन पालक मला भेटायला आले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "ग्रुप आपापले राहू द्या, मॅडम," एवढंच म्हणाले. मी नाही म्हणाले. त्यातल्या एकाने मुलीचं नाव काढून घेतलं. त्या मुलीचं मला आजही वाईट वाटतं, पण तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. तेव्हापासून आमच्याकडे ग्रुप म्हणून प्रवेश बंद केला. अर्ज एकेकट्याने करायचा, जोड्या आणि रांगा चिठ्ठी टाकून लावायच्या. तांडा, वस्ती, पेठ, इंग्रजी शाळा, झेडपीची शाळा सगळे एकाच डब्यात. दादा, हा नियम पहिल्या भागाच्या आधीच जाहीर करा. नंतर आणलात तर तो कुणा एका घराविरुद्ध आणल्यासारखा दिसतो.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: वाजवणारे समोर, पोरं टाळीपासून शिकलेली, आवाज नीट घेतलेला, आणि रांगेत कुणीही कुणाच्याही शेजारी. एवढं बसलं की कार्यक्रम उभा राहतो. राहिले कागद आणि कायदा.

यूट्यूबवर तुमचा आवाज बंद होतो कारण तिथली यंत्रणा तुम्ही टाकलेला आवाज मालकांनी नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणांशी पडताळते. जुळला की मालकाच्या इच्छेप्रमाणे व्हिडिओ अडतो, मुका होतो, किंवा जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे जातात. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस ही संस्था परवाना देते, ध्वनिमुद्रणाच्या अनेक मालकांच्या वतीने पीपीएल. एकाचा घेतला म्हणजे दुसऱ्याचा मिळाला असं नाही, आणि केबलचा परवाना इंटरनेटला आपोआप लागू होत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालतो. परंपरेने आलेल्या पदाच्या मूळ चालीवर कुणाची मालकी नसते, पण तेच पद एखाद्या कंपनीने रेकॉर्ड केलं असेल तर ते रेकॉर्डिंग तिचं. म्हणून तुमच्या हॉलमध्ये तुमच्या माणसांनी वाजवलेलं पारंपरिक पद हा सगळ्यात मोकळा रस्ता आहे.

पण वाजवणाऱ्यांचेही कलाकार म्हणून हक्क असतात, ५० वर्षांचे. साध्या मराठीत एक पानाचा करार करा: किती पैसे दिले, कुठे दाखवणार, यूट्यूबचे पैसे आले तर त्यांचा वाटा किती. वाचून दाखवा, मग सही घ्या. आमच्या पहिल्या करारात मी वाट्याचं लिहायला विसरले होते आणि एका संबळवाल्या काकांना ते बरोबर खुपलं. पुढच्या वर्षी कागद दुरुस्त केला, मागचेही पैसे दिले.

मुलांबद्दल कायदा स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कार्यक्रमात घ्यायचं तर २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मोबदला दिला तर किमान वीस टक्के मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत. मुलाची स्वतःची इच्छा हवी, नुसती आई-वडिलांची पुरत नाही. तुमच्याकडे तेरा वर्षांची मुलं येणार, म्हणजे हे तुम्हाला लागू आहे. मी वेळेचे नियम एकोणीसपर्यंतच्या सगळ्यांनाच लावते, कारण सतरा वर्षांची मुलगीसुद्धा सहाव्या तासाला दमते आणि पाय मुरगळतो. २०१९ च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना दिली होती की डान्स शोमध्ये लहान मुलांना वयाला न शोभणाऱ्या, उत्तान पद्धतीने दाखवू नये. हॉलमधला माझा नियम सोपा आहे: जी हालचाल त्या लेकराला स्वतःच्या आजीसमोर करवत नाही ती बसवायची नाही. लावणीच्या अंगाचं काही बसवताना हे जास्त जपा. लावणी ही जाणत्या बाईची कला आहे. ढोलकीचा ठेका घ्या, अदा तिच्या वयाची ठेवा.

परीक्षक आणि बाद फेरीबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित पटणार नाही. आम्ही दोन वर्षं बाद फेरी ठेवली. बाद झालेला पोरगा गेला की त्याचं गावही बघायचं थांबायचं, आणि शेवटी शहरातल्या दोन क्लासचा कार्यक्रम उरायचा. एका मुलाने तर त्यानंतर नाचच सोडला, तो चांगला नाचायचा. आता आम्ही दर भागात सगळ्यांना एक फेरा देतो आणि दहा मिनिटं 'हलगीसमोर' ठेवतो. एकेकाने पुढे यायचं, वाजवणारा जे वाजवेल त्यावर नाचायचं, आधी काहीही ठरवायचं नाही. कोण भारी नाचलं ते बघणाऱ्याला कळतं, कुणी आकडा दाखवायची गरज पडत नाही. प्रायोजक मात्र फायनल मागतात. तुमचा प्रायोजक अडून बसला तर वर्षाच्या शेवटी एक ठेवा, पण मधे कुणाला घरी पाठवू नका.

वेळापत्रक दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर ठेवा. फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावी आहे, त्यानंतर ऊन आणि लग्नसराई. शूटिंग रविवारी सकाळी दहाला सुरू करून तीनला थांबवा, म्हणजे खेड्यावरच्या पोरी उजेडातल्या एसटीने घरी पोचतात. शेवटची बस कोणत्या गावाला किती वाजता जाते याची यादी हॉलच्या दारावर लावा. आमच्याकडे ती लावल्यावर बोरी आणि चारठाण्याकडून मुली यायला लागल्या.

पहिला भाग दाखवण्याआधी मला फक्त त्याचा आवाज पाठवा, चित्र नको. डोळे मिटून ऐकते आणि टाळी धरता येते का ते सांगते.